फुल बाह्यांचा ड्रेस

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. ताडकळसला आमच्या गल्लीत नळावर भांडण लागलं की बाया म्हणतात, "त्या आम्रपालीला बोलवा, ती बरोबर बोलती." शाळेत सरांना उलटून प्रश्न विचारणारी मीच, अन् जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढं घोषणा देणारी पण मीच. त्यामुळं आता जे सांगायचंय ते सांगताना माझी मलाच लय घाण वाटते.

गेल्या जयंतीला विहारासमोर परभणीचा एक टॅटूवाला मशीन घेऊन बसला होता. पोरांची ही गर्दी! मी पण हात पुढं केला. डाव्या मनगटावर निळ्या शाईत 'जय भीम', शेजारी छोटं चक्र. मशीन घर्रकन चालायलं तेव्हा दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. मम्मी बघायला आली अन् कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हे जन्मभर राहतंय गं बाई." मी म्हणाले, "त्याच्यासाठीच तर काढलं!"

त्याच दिवशी आजीसोबत फोटो काढला. माझी आजी, लक्ष्मीबाई. पंच्याहत्तरीच्या पुढची. कपाळावर गोंदणाचा ठिपका, हनुवटीवर ठिपका, अन् उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत अख्खं तुळशीवृंदावन गोंदलेलं. ती लहान होती तेव्हाचं. आमच्या लोकांनी धम्म घेतला तो त्याच्यानंतर. घरातले देव गेले, देव्हारा गेला, पण हातावरची तुळस कुठं जाणार? आजी विहारात कायम उजवा हात पदराखाली घेऊन बसते. बावीस प्रतिज्ञा म्हणते, तोंडपाठ आहेत तिला, पण हात झाकून.

तर फोटो काढताना मी म्हणाले, "आजी, पदर ओढ ना हातावर. तुळस दिसायलीय. स्टेटसला ठेवायचाय फोटो."

आजीनं गडबडीनं पदर ओढला. "दिसंना ना आता?" म्हणाली. मी म्हणाले, "न्हाई, आता झक्कास." त्या फोटोला खूप लाईक आले.

मग माझा परभणीच्या नर्सिंग कॉलेजला नंबर लागला. आमच्या घरात दवाखान्यात काम करणारी मी पहिली होणार होते. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आश्रुबांनी, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पण हॉस्टेल भरलेलं. सकाळची ड्युटी इतक्या लवकर लागायची की ताडकळसची पहिली एसटी धरली तरी उशीर. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी बोलावून सांगितलं, "इथं जवळ राहायची सोय कर. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही. तुझ्या जागेवर बसायला मागं रांग लागलीय."

म्हणून मी अन् मम्मी किरायाची खोली बघायला निघालो. उन्हाचे दिवस, मी हाफ बाह्यांच्या ड्रेसवर. पहिल्या घरातल्या ताई लय गोड. पाणी दिलं, खोली दाखवली, पंखा लावून दाखवला. ग्लास परत द्यायला मी हात पुढं केला अन् त्यांची नजर मनगटावर गेली. ग्लास घेतला तो त्यांनी दोन बोटांनी. मग एकदम आठवलं त्यांना की खोली भावाच्या पोरासाठी ठेवलीय.

दुसऱ्या घरी एक रिटायर सर. ते म्हणाले, "बेटा, आम्ही जातपात अजिबात मानत नाही. पण टॅटू काढणाऱ्या मुली म्हटलं की वळणाचा प्रश्न येतो." मी बघते तर काय, त्यांच्या स्वतःच्या हातावर ठसठशीत ॐ गोंदलेला. मी म्हणाले, "सर, तुमचा तो ॐ काय जन्मतःच होता का? तुमच्या वळणाचं कुणाला विचारायचं मग?"

त्यांनी गेट लावून घेतलं. रस्त्यावर आल्यावर मम्मी माझ्यावर असली भडकली! "तोंड आवर की जरा! भांडून खोली मिळती का? तुझं बोलणं ऐकायला गोड वाटतंय, पण रातच्याला झोपणार कुठं तू?"

तिसऱ्या, चौथ्या घरीही तेच. कुणी नाक मुरडून नाही म्हणालं, कुणी हसून. मी प्रत्येक ठिकाणी ताडताड बोलले, अन् प्रत्येक वेळी परत एसटीत बसून ताडकळसला आलो. हजेरीत खाडे पडत चालले. एका संध्याकाळी मम्मीनं कपाट उघडलं अन् तिचा फुल बाह्यांचा गुलाबी ड्रेस माझ्यासमोर टाकला. मनगटाला बटनं होती त्याच्या.

"हे घालून चल उद्या," ती म्हणाली.

इतकी भांडकुदळ मी, अन् मुकाट्यानं तो ड्रेस उचलून इस्त्री केला.

दुसऱ्या दिवशी आजीला डोळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून ती पण सोबत होती. दवाखाना उरकून आम्ही कॉलेजच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं बायनाबाईंचं घर. सोनपेठकडची शेतीवाली माणसं. मालक अन् थोरला मुलगा तिकडं शेतावर, अन् या इथं घर सांभाळून. मागच्या अंगणाला लागून एक खोली रिकामी होती. बायनाबाई आजीच्याच वयाच्या, गोऱ्यापान, नऊवारी. दारातूनच त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् विचारलं, "कोणत्या गावचे? आडनाव काय म्हणलात?"

"ताडकळसचे. जाधव," मम्मी म्हणाली.

जाधव सगळ्याच जातींत असतात. बायनाबाई पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात आजीनं घाम पुसायला हात वर केला, पदर मागं सरकला, अन् हातावरची तुळस उघडी पडली.

"अगं बया!" बायनाबाई ओरडल्याच. "तुळशीवृंदावन! बघू, बघू!" त्यांनी आजीचा हात हातात घेतला अन् शेजारी स्वतःचा हात धरला. त्यांच्या हातावर पण तसंच वृंदावन. तशीच खाली ठिपक्यांची रांग. "आमच्याकडं बी याच बाया यायच्या वाटतं गोंदायला. लय रडले व्हते मी! तुमी?"

"रडले की," आजी म्हणाली.

"या, या, आत या. उन्हात कशापायी उभ्या?" पुढचा प्रश्न राहूनच गेला. आम्हाला बैठकीत बसवलं, चहा टाकला. चहा पिताना बायनाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई तुमी आल्या. मागं एक पोरगी आली व्हती. हातावर हे एवढं निळं लिवलेलं. पाटी घेऊनच फिरतेत आजकाल. म्या म्हणलं, न्हाई बाई, आमच्या घरात देवधर्म हाय. अन् ती आताची टॅटू-बिट्टू काय गोंदणं हायत का? आपलं ते गोंदण. पुण्याचं काम."

मी माझ्या डाव्या बाहीचं बटन मुठीत घट्ट धरून बसले होते. ती मागं आलेली पोरगी कोण होती मला माहीत नाही. पण मला वाटलं ती दारात उभी राहून माझ्याकडंच बघायलीय. माझ्या तोंडात शंभर उत्तरं आली. सरांना दिलं त्याच्या चौपट खमंग उत्तर देता आलं असतं. मी म्हणाले, "चहा छान झालाय."

निघताना बायनाबाईंनी आतून करंडा आणला. हळदीकुंकवाचा. "मालक हायत ना तुमचे? मग कपाळ मोकळं कसं?"

"घामानं पुसलं असंल," मम्मी पटकन म्हणाली.

आजीनं कुंकू लावणं कधीच सोडलं होतं. धम्म घेतला त्या दिवशी तिच्या सासूनं कुंकवाची डबी गावाबाहेर नेऊन फेकली होती, ही गोष्ट मी आजीच्याच तोंडून कितीदा ऐकलीय. बायनाबाईंचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. आजीनं माझ्याकडं बघितलं. मम्मीकडं नाही, माझ्याकडं. विचारायली होती ती मला. तिचं सगळं आयुष्य त्या नजरेत उभं होतं अन् ती म्हणत होती, पोरी, लावू देऊ का?

अन् मी मान हलवली. हो म्हणून.

बायनाबाईंनी आजीच्या गोंदणाच्या ठिपक्यावर हळद लावली, कुंकू लावलं. आजीनं डोळे मिटून घेतले. खोली मिळाली.

एसटी स्टँडवर आजी नळाजवळ गेली अन् बराच वेळ तोंड धूत बसली. मम्मी म्हणाली, "आत्याबाई, गाडी लागली." आजी आली तेव्हा कपाळ धुवून लाल झालेलं होतं.

त्या खोलीत राहायला गेले मी. आता माझी सर्कस ऐका. कॉलेजचा युनिफॉर्म हाफ बाह्यांचा, त्यामुळं घरातून निघताना वरून फुल बाह्यांचा पांढरा कोट चढवायचा. ऑक्टोबरचं ऊन, अंगाची नुसती लाही. बायनाबाई म्हणायच्या, "किती सालस पोरगी, अंगभर कपडा घालती." अंगणातल्या नळावर कपडे धुताना बाह्या तर वर कराव्याच लागतात. मग मी कॉलेजात शिकवलेलं पहिलंच काम घरी केलं. मनगटाला क्रेप बँडेज बांधलं. असं सफाईदार बांधलं की मॅडमनी बघितलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

बायनाबाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. पण त्या दुपारी ताक आणून द्यायच्या. ड्युटीवरून यायला उशीर झाला की दारात उभ्या राहायच्या. सणाला पहिलं ताट माझं वाढायच्या. "तुझ्या आजीला आण की एकदा, दोघी म्हाताऱ्या बोलत बसू," असं सारखं म्हणायच्या. त्यांचा जीव होता माझ्यावर. खरं तर माझ्यावर नाही, त्या बाहीच्या आत जी पोरगी नव्हतीच तिच्यावर. अन् मी ते सगळं ताक घटाघटा पीत होते.

बँडेज बघून त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, मुरगळलंय. दोन-तीन दिवसांनी पण बँडेज तसंच, तेव्हा त्या वाटीत आंबेहळद गरम करून घेऊन आल्या.

"ये माय, हात दाखव."

"राहू द्या मावशी, बरं वाटायलंय आता."

"काय राहू द्या? तुमच्या त्या दवाखान्यातल्या पट्ट्यानं काय होतंय? दाखव इकडं." त्यांनी माझा हात मांडीवर घेतला अन् बँडेज सोडायला लागल्या. मी हात ओढला असता तर? ओढता आला असता. म्हाताऱ्या बाईच्या हातात कितीशी ताकद! पण मी नुसती बघत राहिले. एक वेढा सुटला, दुसरा सुटला, अन् निळी अक्षरं दिसायला लागली.

बायनाबाईंचे हात थांबले. त्यांनी अक्षरं वाचली. चक्राकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. "हे काय?"

खोटं सांगत नाही, त्या क्षणाला मला वाटलं होतं की सुटले. आता खरं बोलायचं अन् बॅग भरायची. बोलणं तर मला येतंच. पण तोंड उघडलं अन् बाहेर भलतंच पडलं.

"ते... गावात मैत्रिणी काढायल्या होत्या मावशी. गर्दीत मी बी काढलं. फॅशन म्हणून. काय लिवायलाय ते बी बघितलं न्हाई म्या."

काय लिवायलाय ते बघितलं नाही! ज्या अक्षरांसाठी मी हूं की चूं न करता बसले होते. माझ्या आजीला लिहिता येत नाही, तरी ज्या नावामुळं मला दवाखान्यात ड्युटी मिळाली. मी बोलले हे. माझ्याच तोंडानं, स्पष्ट उच्चारात.

बायनाबाईंनी केवढा मोठा श्वास सोडला. "तरी म्हणलं! म्या तुझ्या आजीचा हात बघितलाय, माझी नजर चुकायची न्हाई. या आजकालच्या पोरी, कशाचं काय काढतेत कळत बी न्हाई त्यांना." अन् त्यांनी आंबेहळदीचा गरम लेप त्याच अक्षरांवर लावला. हळुवार, फुंकर घालत घालत. चटका बसू नये म्हणून. "लेजरनं निघतंय म्हणं हे. काढून टाक. तवर झाकून ठेव, उगाच लोक गैरसमज करून घेतेत."

"हो," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी हात बघितला. मुरगळलेलं काहीच नव्हतं, तरी ठणकायला लागलं होतं. मला माझ्या हाताची नाही, माझी लाज वाटली. अशी की आरशात तोंड बघायला पण नको वाटायलं.

त्या रविवारी मी घरी गेले. विहारात वंदना होती. पोरी बोलवायला आल्या, "ताई चल ना, तू पुढं बसून म्हणतीस ते भारी वाटतं." मी म्हणाले, डोकं दुखायलंय. आजी पण घरीच होती. मम्मी म्हणाली, खोली बघून आलो त्या दिवसापासून आजी विहारात गेलीच नाही. विचारलं तर गुडघे दुखतेत म्हणते.

दुपारी मी आजीजवळ जाऊन बसले. ती ज्वारी निवडायली होती. माझा हात दिसला तिला. हळदीचा डाग निघाला नव्हता, निळी अक्षरं पिवळीजर्द होऊन बसली होती.

"मुरगळलं का गं?"

"न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. कोट, बँडेज, ताक, आंबेहळद, अन् मी काय बोलले ते. मला वाटलं आजी चिडेल. चिडावं असंच वाटत होतं. दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आजी सुपातले खडे वेचत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातावरचा पदर बाजूला केला अन् तुळशीवर बोट फिरवलं.

"मी पाच-सहा वर्साची व्हते," ती म्हणाली. "माझ्या मायनं अन् दोघी बायांनी मला धरलं. एकीनं हात, एकीनं पाय. लय वरडले मी, लाथा झाडल्या. तरी गोंदलं. मला कुणी इचारलं न्हाई काय गोंदू. पण त्याची लाज मला आजवर वाटली बघ. कुणी बघंल, काय म्हणंल. तू बी म्हणलीस पदर ओढ. बरोबर म्हणलीस."

"आजी, तसं न्हाई—"

"ऐक की." तिनं माझं मनगट धरलं. "तू तर तुझ्या मनानं काढलं. हात पुढं करून. मग त्या बाईनं इचारलं तवा तुला कुणी धरलं व्हतं गं?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

संध्याकाळची एसटी होती. सकाळी ड्युटी, गेले नाही तर हजेरी जाणार. मी बॅग भरली. बॅगेत हाफ बाह्यांचा ड्रेस पण होता, फुल बाह्यांचा पण. कितीतरी वेळ दोन्ही समोर ठेवून बसले. मग गुलाबी ड्रेस अंगात घातला. उजव्या बाहीचं बटन लागलं. डाव्या बाहीचं काही केल्या लागेना.

आजीनं बघितलं. उठून आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेल्या डोळ्यांनी तिला बटन नीट दिसतही नव्हतं. चाचपत चाचपत तिनं काज शोधलं, निळी-पिवळी अक्षरं बाहीच्या आत ढकलली अन् बटन लावलं. मग बाही ओढून नीट केली.

"जा. शिक्षण पुरं कर," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

अन् मी हात मागं घेतला नाही.